माझ्याखालची जमीन

मी एक जुनं लाकडी घर आहे. बार्बाडोस बेटावर, हार्टवेलच्या ऊसमळ्याच्या कडेला उभा आहे. समोर मधोमध दार, दोन बाजूंना दोन खिडक्या आणि वादळाचा वारा वरून घसरून जावा म्हणून उभट छप्पर. मित्रांनो, आपल्याच तोंडाने आपली स्तुती करू नये, पण तरुणपणी मी देखणा होतो. आणि एका बाबतीत तर आसपासच्या कुठल्याच घराला माझी सर नव्हती. मी अडीच तासांत उतरत असे.

उतरत असे म्हणजे काय, ते सांगतो. सकाळी माणसं कामाला लागली की जेवणवेळेच्या आत माझी फळीन् फळी सुटी होऊन खेचरांच्या गाडीवर चढायची आणि दिवेलागणीच्या आत दुसऱ्या जागी मी जसाच्या तसा उभा. मला पाया नव्हता. इथल्या खाणीतल्या पांढऱ्या दगडांच्या सहा थप्प्या रचायच्या आणि त्यांवर मला अलगद ठेवायचं, ना चुना, ना माती. आमच्या लोकांची सगळी घरं तशीच. घर आमचं, पण घराखालची जमीन मळ्याची, आणि मळा 'जा' म्हणाला की आठवड्यात जावं लागायचं. म्हणून आमच्याकडे चांगलं घर म्हणजे लवकर उतरणारं घर. लोक तोंडभरून कौतुक करायचे आणि मी फुगून जायचो. कौतुक नेमकं कशाचं होतंय, हे कळायला मला पन्नास वर्षं लागली.

मला बांधलं जोसाया स्कीटने. त्याची आई गुलामगिरीत जन्मली होती. ती आठ वर्षांची असताना सगळे गुलाम मोकळे झाले. भरपाई मिळाली, ती मालकांना. इतकी माणसं हातची गेली म्हणून सरकारने त्यांना पैसे दिले, आणि त्या हिशेबात जोसायाच्या आईचीही किंमत धरलेली होती. तिच्या स्वतःच्या हातात काही पडलं नाही. ज्या झोपडीत ती जन्मली ती मळ्याची, झोपडीखालची माती मळ्याची. मॅनेजर म्हणाला, राहायचं तर खुशाल राहा, पण काम आमच्याच उसात आणि आम्ही देऊ त्या मजुरीवर. दुसरीकडे गेलात तर झोपडी रिकामी करा. बेट एवढंसं, आणि जमीन सगळी अशाच मूठभर घराण्यांची. जाणार कुठे? मोकळी झालेली माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कोयता घेऊन त्याच शेतात उभी राहिली.

जोसाया साखरेच्या गिरणीत सुतार होता. माझं लाकूड जहाजाने आलं, परदेशी पाइनचं. सगळं एकदम घ्यायची ऐपत कुठून असणार? दर गळीत हंगामानंतर तो थोड्या फळ्या आणायचा. सात हंगाम लागले. प्रत्येक फळीच्या आतल्या अंगाला त्याने पटाशीने खुणा केल्या, कुठे दोन रेघा, कुठे तीन, कुठे फुली, म्हणजे पुन्हा जोडताना कुठली फळी कुठे ते शोधत बसायला नको. खिळे मोजके, बाकी सगळ्या लाकडी खुंट्या.

"अरे, जरा ठोकून तरी बसव," शेजारी म्हणायचे.

"ठोकलं की अडकलं," जोसाया म्हणायचा. "उद्या साहेबाला माझं तोंड आवडेनासं झालं तर मी काय खिळे उपटत बसू?"

त्याची मुलगी केटुरा माझ्यातच जन्मली, ऐन ऊसतोडीत. ती नऊ दिवसांची असताना मळ्याचा मुकादम घोड्यावरून आला आणि घोड्यावरूनच बोलला.

"जोसाया, तुझी बायको तोडीला दिसत नाही."

"बाळंतीण आहे, मुकादम. आज नववा दिवस."

"ऊस थांबतो का नऊ दिवस? साहेबांचा निरोप आहे. या जागेवरच्या घरातले सगळे हात मळ्याचे. हात नसतील तर शनिवारपर्यंत जागा मोकळी कर."

घर हलवायच्या दिवशी आमच्यात कुणी कुणाला मजुरी देत नाही. घरच्या बाईने मोठ्या हंड्यात तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात शिजवायचा, खारवलेली मासळी करायची, रमची एक बाटली पुढे ठेवायची, आणि सगळ्या आळीने हात लावायचा. त्या शनिवारी दहा-बारा दिवसांच्या बाळंतिणीने चुलीपाशी उभं राहून तीस माणसांचा भात केला. केटुराला कपाटाच्या खणात निजवून गाडीवर ठेवलं. परसात कोनफळं आणि रताळी अगदी काढायला आली होती. मुकादमाने एकही काढू दिलं नाही. जमिनीत आहे ते जमिनीच्या मालकाचं, असं तो म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात ती त्याच्याच घरी शिजली.

मळ्याने आम्हाला अगदी हाकलूनही दिलं नाही. हाकलून दिलं असतं तर कामाचे हात गेले असते. आम्हाला तळाकडची जागा दिली, जिथे पावसाचं पाणी पंधरा पंधरा दिवस साचून राहायचं. डासांनी ते पोर फोडून काढलं. माझ्या खालच्या फळ्या तिथेच पहिल्यांदा कुजल्या.

केटुरा वाचायला शिकली ती माझ्या पायरीवर बसून. मिशनच्या शाळेतल्या बाई दोनदा घरी आल्या. ही मुलगी पुढे शिकली तर मास्तरीण होईल, असं त्यांनी जोसायाला सांगितलं. जोसाया हसला, म्हणाला, होऊ द्या की. त्या वर्षी तिला अकरावं लागलं आणि मुकादमाचा घोडा पुन्हा दारात आला. मळ्यावर मुलांची एक वेगळी टोळी असायची, उसातलं गवत उपटायला. जोसायाच्या आईने लहानपणी, गुलामगिरीत, त्याच टोळीत गवत उपटलं होतं. केटुराचं नाव त्या टोळीत लागलं. नसेल पाठवायचं तर घर उचला, एवढंच मुकादम बोलला.

जोसायाने तिला पाठवलं. मला त्याचा भयंकर राग आला. पोरीने पाटी फळीमागे लपवली होती, ती त्याने स्वतः काढून शाळेत परत नेऊन दिली. खूप वर्षांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने सात हंगामांची कमाई माझ्यात घातली होती. मला सोडून तो जाऊ शकत नव्हता, आणि मला न्यावं तर बेटावर जिथे जागा तिथे असाच मळा, असाच मुकादम. मळ्याला त्याच्या पायात बेडी घालायची गरज नव्हती. त्याच्या गळ्यातला धोंडा मीच होतो, आणि तो त्याने स्वतः रंधा मारून गुळगुळीत केला होता.

जोसाया गेला. केटुरा गवतावरून ऊसतोडीवर आली. तिचा नवरा क्युबाला ऊस तोडायला गेला तो परत आला नाही. व्हेलमा ही त्यांची एकुलती एक मुलगी. आईचं डोकं तिने घेतलं होतं. आणि या वेळी केटुरा हट्टाला पेटली. व्हेलमाला टोळीत घालणार नाही म्हणाली, आणि पोरीच्या वाटचं कामही स्वतः करू लागली. दिवसाचा ऊस तोडून झाला की पोरीच्या वाटच्या सऱ्यांतलं गवत उपटायची. असं दहा वर्षं केलं. व्हेलमा अठराव्या वर्षी परीक्षा पास झाली आणि शहरातल्या नर्सिंगच्या शाळेत तिला जागा मिळाली. पुढच्या जानेवारीत जायचं होतं. अट एकच होती. पालकाने काही मालमत्ता तारण म्हणून दाखवायची, म्हणजे मुलगी शिक्षण अर्ध्यात सोडून गेली तर शाळेचा खर्च बुडणार नाही.

केटुराला वाटलं, त्यात काय, आपल्याकडे घर आहे. ती रविवारचे कपडे घालून शहरात गेली आणि परत आली ती माझ्या पायरीवर मटकन बसली. बॉयझी तिथेच होता. बॉयझीचा धंदा घरं हलवायचा. बापाची खेचरगाडी होती, याने ट्रक घेतला होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण माणूस सोन्यासारखा.

"काय झालं गं?" त्याने विचारलं.

"कारकुनाने विचारलं, जमीन कुणाची? म्हटलं, हार्टवेलची. मग घर? म्हटलं, माझं, बापाने बांधलंय. म्हणाला, पाया आहे का? म्हटलं, दगडांवर ठेवलंय. तर हसायला लागला, बॉयझी. म्हणाला, बाई, उद्या सकाळी तुम्ही घर उचलून दुसऱ्या गावी गेलात तर आम्ही जप्ती कशावर आणायची? त्या दगडांवर? हे घर नाही म्हणाला, हे सामान आहे. टेबलखुर्ची असते ना, तसं."

"बरोबरच बोलला की. तुझ्या टेबलखुर्चीवर माझं पोट चालतं."

"चेष्टा करू नकोस. तो म्हणाला, घर जमिनीला पक्कं करा, पाया घाला, दगडी भिंती बांधा. मग ती मालमत्ता. मग या."

बॉयझी तिच्याशेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, "साहेबाला विचारल्याशिवाय एक दगड ठेवू नकोस."

तेव्हाचे मॅनेजर कॉलिमोर साहेब घोड्यावर बसत नसत. मोटारीतून उतरून, टोपी काढून बोलत. केटुराने त्यांना माझ्या दारातच गाठलं.

"बांध की," ते म्हणाले. "कोण अडवतंय तुला? तुझ्या बापापासून तुम्ही इथे आहात. जागा तुझीच समज. दगड हवा असेल तर मळ्याच्या खाणीतून ने, पैसे नकोत."

केटुरा रडली. मलाही आतून भरून आलं, खोटं कशाला सांगू? इतक्या वर्षांत मळ्याने आम्हाला कुठलीही गोष्ट फुकट दिली नव्हती. त्याच वेळी संशय यायला हवा होता, पण मी लाकूड आणि ती बिचारी आशेवर जगणारी.

काम आठ महिने चाललं. उसातून आली की केटुरा डोक्यावर दगड घेऊन खाणीची चढण चढायची. व्हेलमा चुना आणि वाळू कालवायची, हाताची सालटी निघाली तरी. गवंड्याला द्यायला केटुराने शिवणयंत्र विकलं. शेवटी बॉयझीने जॅक लावून मला उचललं, खालच्या थप्प्या काढल्या आणि नव्या पायावर बसवलं. चहूबाजूंनी चुना भरला. मागे दोन दगडी खोल्या आल्या, त्यांच्या भिंतीत माझ्या तुळया बसवल्या.

"केटुरा," बॉयझी कपाळ पुसत म्हणाला, "घराला बूट घातलेस खरे. आता याला चालवायचं झालं तर मला बोलावू नकोस."

"आता हे कुठे जाणार नाही," केटुरा म्हणाली. "व्हेलमा जाईल."

मित्रांनो, मला त्या दिवसांत फार सुख वाटलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला जमिनीचा गारवा कळला. वारा आला की मी कुरकुरायचो, ते थांबलं. केटुराने दाराला निळा रंग दिला आणि संध्याकाळी ती समोरच्या रस्त्यावर जाऊन नुसती माझ्याकडे पाहत उभी राहायची. आळीतली माणसं पाहायला यायची. कुणी म्हणालं, स्कीटांचं घर आता साहेबलोकांसारखं झालं. अडीच तासांत उतरणारा मी, माझं ते जुनं कौतुक कुणी काढलं नाही, आणि मलाही त्याची आठवण नको होती.

डिसेंबरात शहरातून नर्सिंगच्या शाळेचा माणूस आला. त्याने फीत लावून मोजलं, भिंतीवर हात आपटून पाहिला, आणि छान झालंय म्हणाला. आता ही मालमत्ता. फक्त जमिनीच्या मालकाचं पत्र जोडा.

केटुराने पत्र मागितलं. चार दिवसांनी कॉलिमोर साहेब आले. बरोबर मुकादम होता, नवा, नुकतंच लग्न झालेला. साहेबांनी टोपी काढली आणि सगळं घर आतून फिरून पाहिलं. मागच्या खोल्यांत मुकादमाला खिडकी उघडून बघायला सांगितली.

"काम सुरेख झालंय, केटुरा."

"मग पत्र, साहेब?"

"पत्र कसलं? जमिनीला जोडलेलं बांधकाम जमिनीच्या मालकाचं असतं. कायदाच आहे तसा. मळ्याची वस्तू मी तुझ्या मुलीसाठी तारण कशी ठेवू देऊ?"

तिला आधी कळलंच नाही. "घर माझ्या बापाचं आहे, साहेब."

"होतं. दगडांवर ठेवलेलं होतं तोवर होतं. तू जोडलंस."

"तुम्हीच म्हणालात, जागा तुझीच समज."

"समज म्हणालो," साहेब शांतपणे म्हणाले. "लिहून दिलं का काही? समजायला कोण पैसे घेतं?" मग मुकादमाकडे वळून, "पुढच्या महिन्यात राहायला ये तू. हिला चार आठवडे देऊ. आपण काही जनावरं नाही."

मी हे माझ्या कानांनी ऐकलं. कारकून म्हणाला होता की सुटं घर म्हणजे काहीच नाही. साहेब म्हणाले की जोडलेलं घर तुझं नाही. मग आमच्या लोकांनी घर ठेवायचं तरी कसं? या प्रश्नाला उत्तर नाही, मित्रांनो. ज्यांनी दोन्हीकडची दारं बंद करून ठेवली त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

केटुरा बॉयझीकडे गेली. मला बोलावू नकोस म्हणाला होता तरी बॉयझी ट्रक घेऊन आला. शनिवार होता. जुन्या रिवाजाप्रमाणे केटुराने पहाटे उठून हंडाभर भात शिजवला, मासळी केली, रमची बाटली ठेवली. सगळी आळी पहारी घेऊन आली. पण चुना काही सुटेना. जोसायाच्या खुंट्या हातोडीच्या एका टोल्यात निघायच्या; हा चुना केटुराने आणि व्हेलमाने आठ महिने कालवलेला, तो दगडाहून दगड झाला होता. एक फळी निघाली, तीही चिरून. तेवढ्यात मुकादम पोलीस शिपायाला घेऊन आला. शिपाई आमच्याच आळीतला, केटुराच्या हातचं जेवलेला.

"केटुरामावशी," तो खाली बघत म्हणाला, "मळ्याच्या इमारतीची फळी काढली तर चोरी लागते. मला लिहून घ्यावं लागेल."

माणसांनी पहारी खाली ठेवल्या. आमच्याकडे घर हलवायच्या दिवशीचा भात टाकत नाहीत, म्हणून केटुराने सगळ्यांना वाढलं, शिपायालाही. सगळे उभ्या उभ्याच जेवले. बॉयझीने तिचा पलंग, एक पेटी आणि चार भांडी ट्रकवर चढवली. ट्रक अर्धाही भरला नाही. निघालेली ती एक फळी मुकादमाने संध्याकाळच्या आत परत ठोकून घेतली, भरपूर खिळे मारून.

जानेवारीत नर्सिंगच्या शाळेतली व्हेलमाची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मायलेकी एका नातेवाइकाच्या घरामागच्या पडवीत राहायला गेल्या. मार्चमध्ये मुकादमाच्या बायकोला घरकामाला मुलगी हवी होती. लिहितावाचता येणारी मिळाली तर सोन्याहून पिवळं, म्हणजे किराण्याच्या यादीत गफलत होणार नाही. व्हेलमा आली.

ती मागच्या दाराने यायची. ज्या खोल्यांचा चुना तिने कालवला होता त्या ती झाडायची. पहिल्या दिवशी तिने माझ्या भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला, बाईंचं लक्ष होतं म्हणून. पुढे पुढे तर तिने माझ्याकडे पाहणंही सोडलं. मी तिला दोष देत नाही. केटुरा मात्र या बाजूला पुन्हा फिरकली नाही. उसात जायची ती माळावरून लांबचा वळसा घालून. मी तिला फक्त एकदा ऐकलं, म्हणजे तिचं बोलणं व्हेलमाच्या तोंडून ऐकलं. सामान पोचवायला आलेल्या बॉयझीला व्हेलमा स्वयंपाकघरात सांगत होती.

"आईला विचारलं, मी तिथे कामाला जाते ते तुला चालतं ना? तर म्हणाली, जा. निदान फळ्या तरी पुसल्या जातील."

त्याच वर्षाच्या शेवटी केटुरा गेली, उसातच, दुपारी, सावली शोधत असताना. तिचं वय काही फार नव्हतं.

व्हेलमाने माझ्या फरश्या बावीस वर्षं पुसल्या. नंतर देशात नवं सरकार आलं आणि कायदा झाला की मळ्याच्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्यांनी आपापली जागा अगदी थोड्या पैशांत विकत घ्यावी. आळीत आनंदीआनंद झाला. बॉयझीने जागा घेतली, त्याच्या मुलाने वर मजला चढवला, नातू त्याच घरावर कर्ज काढून डॉक्टर झाला. बघा मित्रांनो, इतकं सोपं असतं ते. पायाखाली आपली हातभर जमीन असली की माणूस त्यावर उभा राहून वरचं काढू शकतो. व्हेलमाही कागद घेऊन गेली होती. तिला विचारलं, त्या जागेवर तुमचं घर आहे का? ती म्हणाली, होतं. कारकुनाने कागद परत दिला. तो कारकून मात्र हसला नाही, एवढाच काय तो काळ बदलला.

साखर बुडाली. मळ्याच्या मोठ्या बंगल्यात पाहुण्यांसाठी हॉटेल झालं, आणि परदेशी लोकांना जुनं काहीतरी दाखवायचं म्हणून मला ठेवलं. आता माझ्या नशिबी राजेशाही आहे. वर्षातून दोनदा रंग, वाळवीचं औषध, खिडक्यांना फुलांच्या कुंड्या. दारात पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय की हार्टवेल घराण्याने आपल्या मजुरांच्या निवाऱ्यासाठी मोठ्या आपुलकीने हे घर बांधलं.

ती पाटी पर्यटकांना वाचून दाखवायला आणि तिकिटं फाडायला एक मुलगी असते. केरीअ‍ॅन. ही व्हेलमाच्या लेकीची लेक. रोजावर आहे, आणि भाड्याच्या खोलीतून दोन बस बदलून येते. मागच्या महिन्यात तिने व्हेलमाला आणलं. व्हेलमा आता नव्वदीला टेकली आहे. केरीअ‍ॅनने आजीचं तिकीट स्वतःच्या पैशांनी काढलं, कारण दिवसाअखेर माणसं आणि तिकिटं जुळवून बघतात. मग तिला आत खुर्ची दिली. व्हेलमा दारातच थांबली होती. तिने चष्मा लावून पाटी सगळी वाचली.

"हे खोटं लिहिलंय," ती म्हणाली. "जोसाया स्कीटने बांधलंय. माझ्या आईने पाया घातला. त्यांना सांग बदलायला."

"सांगितलं होतं, आजी."

"मग?"

"म्हणाले, पाटी आवडत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस. दुसऱ्या मुली आहेत म्हणाले."

व्हेलमा खुर्चीत बसली. तेवढ्यात बसमधून पाहुणे उतरले, सोळा-सतरा जण. केरीअ‍ॅन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने एकदा आजीकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे, आणि रोज म्हणते ते म्हणायला सुरुवात केली. हार्टवेल घराण्याने आपल्या मजुरांसाठी. मोठ्या आपुलकीने. तिचा आवाज अजिबात कापला नाही, रोजची सवय. व्हेलमा फरशीकडे बघत सगळं ऐकत राहिली. एका बाईला कोपऱ्यातली म्हातारी फारच गोड वाटली. त्यांनी वाकून विचारलं, "आजी, तुम्ही या घरात काम करायचात का?"

"हो," व्हेलमा म्हणाली. "बावीस वर्षं."

"किती छान," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी व्हेलमाच्या गालाला गाल लावून दोघींचा फोटो काढला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी एक विनंती करून निरोप घेतात, की आमची काळजी घ्या, आम्हाला टाकून देऊ नका. माझी काळजी नीट घेतली जाते. माझ्यासाठी काही मागायचं राहिलेलं नाही. तुम्ही कधी इकडे आलात तर केरीअ‍ॅनला विचारू नका की हे घर खरं कुणाचं. तिला उत्तर माहीत आहे आणि ते दिलं तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी मुलगी असेल. वर मोठ्या बंगल्यात जा, जिथे ती पाटी रंगवून घेतली, आणि तिथे विचारा. मोठ्याने विचारा, कारण तुम्हाला ते जागेवरून उठवू शकत नाहीत.